दुसरं शीर्षक

ऑफिसात तिला सगळे बरीताई म्हणत. बातम्यांच्या वेबसाइटवर ती रोज ‘आजचं बरं’ नावाचं सदर लिहायची, म्हणून. लाचखोरी, हाणामाऱ्या, कोण कुणाला काय म्हणालं, या सगळ्या धबडग्यात दिवसाला एक बरी बातमी. पाच वर्षांपूर्वी तिने हे सदर हौसेने मागून घेतलं होतं. आता मात्र चांगली माणसं शोधून शोधून ती पार शिणली होती. कुणी सापडलेलं पाकीट परत केलं असं कळलं, तरी तिच्या मनात आधी यायचं, की याचे तीनशे शब्द होतील का.

त्या सोमवारी संपादकांनी तिला बोलावलं. माणूस वाईट नव्हता, पण दिवसभर आकडे बघून बघून त्याला माणसंही आकड्यांतच दिसायला लागली होती. बरी बातमी दोनशेजण उघडतात आणि चीड आणणारी दोन लाख, तेव्हा महिनाअखेरपर्यंत पाच हजार तरी दिसू देत, नाहीतर सदर बंद, असं त्यांनी चहा ढवळत सांगितलं. तिने मान डोलावली. वाद घालायचं त्राण तिच्यात नव्हतं.

त्या दिवशीची बातमी घरचीच होती. तिचा थोरला भाऊ शहरबस चालवायचा. हॉस्पिटलच्या मागच्या फाटकाजवळ त्याच्या बसचा थांबा होता. डायलिसिस करून बाहेर पडलेली माणसं भिंतीचा आधार घेत, एकेक पाऊल टाकत तिथवर यायची. ती येईपर्यंत दादा बस दोन मिनिटं थांबवून ठेवायचा. हे त्याने स्वतः कधी सांगितलं नव्हतं, वहिनी बोलण्याच्या ओघात बोलून गेली होती. बरीताई मुद्दाम जाऊन बघून आली, बसचा फोटो काढला आणि दादाचं नाव न घालता बातमी लिहिली. फोटोत बसचा नंबर स्वच्छ दिसत होता, ते तिच्या ध्यानातच आलं नाही.

त्यांच्याकडे प्रत्येक बातमीला दोन शीर्षकं द्यावी लागत. अर्ध्या वाचकांना एक दिसे, अर्ध्यांना दुसरं. पंधरा मिनिटांनी ज्याच्यावर जास्त बोटं पडली असतील ते राही, उरलेलं आपोआप गळून जाई. मध्ये माणसाचा हात नाही. बरीताई एरवी पहिल्याच शीर्षकाचे शब्द मागेपुढे करून दुसरं उरकायची. त्या दिवशी मात्र डोक्यात संपादकांचे आकडे घोळत होते. पहिलं तिने मनापासून दिलं आणि दुसऱ्याच्या जागी टाइप केलं, ‘भर रस्त्यात रोज बस अडवून ठेवतो हा चालक; जाब विचारणार कोण?’

आपण ते वैतागून लिहिलं, असं ती नंतर स्वतःला सांगत राहिली. पण ते खरं नव्हतं. एकदा तरी आपलं कुणीतरी वाचावं, असं तिला वाटलं होतं.

ती डबा खाऊन येईपर्यंत बातमी चाळीस हजारांवर गेली होती. आतलं कुणी वाचलंच नव्हतं. कुणाची बस चुकली होती, कुणाचा पगार कापला होता, कुणाचं बायकोशी भांडण झालं होतं, आणि सगळं वड्याचं तेल दादाच्या वांग्यावर निघत होतं. फोटोतल्या नंबरावरून त्याचा डेपो शोधून काढायला लोकांना अर्धा तासही लागला नाही. तिने घाईघाईने शीर्षक बदललं, पण तोवर ते फोनाफोनांतून पसरलं होतं. संपादकांनी तिची पाठ थोपटली आणि सदर चालू राहील म्हणाले. संध्याकाळी वहिनीचा फोन आला, दादाला निलंबित केलंय. त्याच्या नोकरीची पंधरा वर्षं झाली होती आणि मुलीच्या कॉलेजचं हे पहिलंच वर्ष होतं.

पुढचे आठ दिवस बरीताई शिव्या घालणाऱ्यांना एकेक करून उत्तरं देत बसली. अहो, आतलं वाचा, एवढंच. बहुतेकांनी तिलाही शिव्या घातल्या. काहींनी वाचलं. त्यांतल्या चौघांनी आणि त्या थांब्यावरच्या सातजणांनी डेपोला पत्रं लिहिली. एवढ्या मोठ्या गोंगाटात अकरा पत्रं म्हणजे काहीच नव्हतं, पण डेपोतल्या साहेबांनी ती वाचली म्हणे. दादाला लेखी ताकीद देऊन परत कामावर घेतलं.

रविवारी ती त्याच्याकडे गेली. वहिनी आत कपड्यांच्या घड्या घालत होती. दादा पेपर पुढ्यात धरून बसला होता, वाचत मात्र नव्हता. नोकरी वाचली, आणखी काय पाहिजे, असं तो दोनदा म्हणाला. त्या थांब्यावर अजून दोन मिनिटं थांबतोस का, असं तिने विचारलं.

“नाही. आरशात बघतच नाही आता. बघितलं की पाय ब्रेकवर जातो.”

बरीताईला बसवेना. हात दाखवून अवलक्षण तिने केलं होतं, आणि भोगत होती ती भिंतीला धरून येणारी माणसं. शीर्षक ऑफिसातल्या दुसऱ्याच कुणीतरी दिलं असणार, असं घरी सगळे धरून चालले होते; ती गप्प राहिली असती तर कुणाला कधी कळलं नसतं.

“दादा, ते शीर्षक मी दिलं होतं.”

आतली कपड्यांची सळसळ थांबली. दादाने पेपर घडी करून खाली ठेवला. आता हा आपल्याला घराबाहेर काढेल, असं तिला वाटलं, आणि खरं तर तिला तेच हवं होतं.

“दोन देता ना तुम्ही?” तो म्हणाला. “दुसरं काय होतं?”

“दोन मिनिटांची माणुसकी.”

त्याने ते मनाशी म्हणून पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, दिवसभर बस चालवून आल्यावर असतो तेवढाच शीण होता.

“हे वाचून मीसुद्धा उघडलं नसतं गं,” तो म्हणाला.