तीन बोटांची चाल

"चाळीस सेकंदांची चाल! तीच तीच, तीच तीच!" तोकुजी टोफूवाला म्हणाला. "तासभर वाजव हमामखान्यात. लोक साबणासकट रस्त्यावर पळतील!"

"नाही पळणार," चिहारु म्हणाली.

"पळाले तर?"

"तर आठवडाभर भोंगा वाजवत तुमचा टोफू मी विकीन. आणि नाही पळाले तर?"

तोकुजीने इकडेतिकडे पाहिलं. ओसाकातली बाजारगल्ली, आणि कान टवकारून उभी असलेली दहा माणसं. अशा वेळी माघार घेणारा माणूस आमच्या गल्लीत अजून जन्मायचाय.

"नाही पळाले तर मी मासळीच्या दुकानापासून देवळापर्यंत ओरडत जाईन, माझे कान टोफूचे आहेत!"

"मी साक्षीदार!" हमामखान्याच्या मालकीणबाई यासुए-सान म्हणाल्या. "ह्याचे कान कसले आहेत ते मला शाळेपासून ठाऊक आहे."

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे, आणि ती चाल माझ्यावरच वाजायची होती.

शोवा साठ साली, म्हणजे तुमच्या १९८५ मध्ये, मी कारखान्यातून बाहेर पडलो. एकसष्ट पट्ट्या, अंगावर एकही ओरखडा नाही. दुकानाच्या काचेत बसून मी रंगमंचाची, दिव्यांची स्वप्नं बघायचो. आणि मला घेतलं कोणी? पियानोच्या शिकवण्या सोडून व्हिडिओ गेमच्या कंपनीत संगीत द्यायला लागलेल्या ह्या चिहारु मुनेकाताने. पहिल्याच दिवशी तिने काय करावं? दहापैकी सात बोटांना चिकटपट्टी गुंडाळली!

कारण गेमच्या यंत्राचा गळा एवढासा. एका वेळी तीनच सूर निघायचे. वर थोडा खरखराट, त्यातून ढोल काढायचा. जास्तीच्या सुरांची सवय लागू नये म्हणून तिने बोटंच बांधून टाकली. एकसष्ट पट्ट्या आणि तीन बोटं! मला तर दिवाळं निघाल्यासारखं वाटलं.

पण पोरगी भारी होती. एक सूर वाजवायची आणि तोच जरा मागून, हळूच परत वाजवायची. झालं, गुहेतला प्रतिध्वनी तयार! तीन सूर इतके झरझर सोडायची की कानाला वाटावं, सगळे एकदम वाजले.

पैजेची चाल गेमच्या पाचव्या टप्प्याची होती. तिथे एक खड्डा होता. मला पुसता पुसता ती म्हणायची, "पोरं इथे पडणार रे. शंभरदा पडणार. दर वेळी हीच चाल ऐकणार. चालीने त्यांच्यावर वैतागून कसं चालेल?"

सोमवारी चाल कंपनीत द्यायची होती. साहेबांनी आधीच बजावलं होतं, कंटाळवाणी निघाली तर शिकवण्यांकडे परत जा.

शुक्रवारी संध्याकाळी मला हमामखान्याच्या दारातल्या उंच ओट्यावर, यासुए-सानच्या शेजारी बसवलं. चिहारु वाजवू लागली. चार वेळा चाल संपली आणि वाकिसाका आजोबा, म्हणजे आमचे जुने ट्रामवाले, पाण्यातून उठले. मागोमाग आणखी दोघं. पलीकडून बायका. अर्ध्या तासात हमामखाना रिकामा!

"आजोबा, एवढी वाईट आहे का हो?" चिहारुचा चेहरा पडला होता.

"वाईट कसली, झकास आहे! पण बंद व्हायची वेळ झाली ना? दुकानवाले शेवटी लावतात तसं वाटलं. म्हटलं, यासुए-सान ओरडायच्या आत निघावं."

आमच्याकडे दुकान बंद करताना एक गोड चाल लावतात. 'आता घरी जा' हे गिऱ्हाइकाला तोंडाने सांगावं लागत नाही. चिहारुच्या चालीचा शेवट तस्साच होता. तीन पायऱ्या उतरायच्या आणि अलगद टेकायचं. मित्रांनो, माझा जीव होता त्या शेवटावर. माझी सगळ्यात खालची पट्टी तेवढी तिथेच वाजायची.

"भोंगा आता आणून देऊ की सकाळी?" तोकुजी खुशीत होता.

"उद्या परत वाजवते. हरले तर महिनाभर विकीन."

"कबूल!"

शनिवारी सकाळी चिहारुने सगळ्या चिकटपट्ट्या सोडल्या. तो शेवट दहा बोटांनी दोनदा वाजवला, मन भरून. मग कागदावरून खोडून टाकला. आता चाल वरच्या एका सुरावर जाऊन अडायची. पाय उचललाय, टाकायचा राहिलाय. तो पाय पडायचा थेट पहिल्या सुरावर. खरं सांगतो, मी रुसलो होतो.

संध्याकाळी पळणाऱ्यांना मोजायला तोकुजी स्वतःच पाण्यात जाऊन बसला. तीस वेळा वाजली, साठ वेळा वाजली. कोणी हलेना. गप्पा रंगल्या होत्या. वाकिसाका आजोबा उकडलेल्या खेकड्यासारखे लाल झाले.

"आजोबा, बाहेर या, शिजाल!" यासुए-सान ओरडल्या.

"आलो, आलो. एवढं संपू दे!"

संपतंय कसलं! शेवटी चिहारुच थांबली. आतून तोकुजीचा आवाज आला, "ए, थांबलीस का? अजून निम्मा वेळ आहे!"

"तास होऊन गेला, तोकुजी-सान."

सोमवारी चाल कंपनीत गेली आणि राहिली. पुढे चिहारुने कितीतरी गेमना संगीत दिलं. यंत्रांचे गळे मोठे झाले, साठ-साठ वादक तिच्या चाली वाजवू लागले. तिचं नाव पेपरात यायचं, तेव्हा मी मात्र गाद्यांच्या कपाटात पडून होतो, अकरा वर्षं. दमट हवेने चार पट्ट्या मुक्या झाल्या. एक दिवस तिने मला बाहेर काढलं, कापसाने पट्टी न् पट्टी पुसली. त्या चारांपैकी दोन परत बोलल्या. म्हणून सांगतो, मित्रांनो, जुन्या वाद्याला महिन्यातून एकदा तरी कोरडं फडकं लावा. आणि एखादी गोष्ट दुसऱ्याला शंभरदा सोसावी लागणार असेल, तर ती करताना त्याची आठवण ठेवा.

पण पैज फेडायची राहिली ना! हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी दहा वाजता, अख्खी गल्ली मासळीच्या दुकानासमोर जमली. चिहारुने मलाही काखेत मारून आणलं होतं. तोकुजी एप्रन लावून हजर.

"माझे कान टोफूचे आहेत," तो पुटपुटला.

"ऐकू नाही आलं!"

"माझे कान टोफूचे आहेत!"

"मऊ की घट्ट?" वाकिसाका आजोबांनी विचारलं.

तोकुजी थांबला. धंद्याचा प्रश्न होता, त्याने नीट विचार केला. "मऊ!" तो गरजला. "रेशमासारखे! आजच घेऊन जा, उद्या टिकायचे नाहीत!"

देवळापर्यंत असा ओरडत गेला. पायरीपाशी मात्र तो चिहारुकडे वळला, कमरेत वाकला, आणि तिच्यापुरतंच हळू म्हणाला, "माझे कान टोफूचे आहेत, मुनेकाता-सान."

त्याआधी तो तिला कधी आडनावाने, मानाचं 'सान' लावून बोलला नव्हता.