रिकाम्या पट्ट्यावरच्या कॅलरी

मी वजनकाटे तपासते. सरकारी नोकरी आहे, बावीस वर्षं झाली. वजनांची पेटी घेऊन दुकानादुकानांत जायचं, काटा सपाट जागेवर ठेवलाय का बघायचं, रिकाम्या काट्यावर शून्य दिसतं का बघायचं आणि मग एकेक वजन चढवायचं. आकडा बरोबर आला तर शिक्का, नाही आला तर काटा बंद. दुकानदार मला बघून चहा मागवतात आणि मी तो पीत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं ते दुसऱ्या कुणी केलं असतं, तर मी त्याला बिनदिक्कत मूर्ख म्हटलं असतं.

माझी धाकटी बहीण केस कापते. तिचं स्वतःचं पार्लर आहे, हाताखाली दोन मुली आहेत. चाळीस वर्षांची घोडी झाली तरी बाबा तिला 'पिल्लू' म्हणतात. मला 'साहेब' म्हणतात. लोकांना वाटतं, किती कौतुक करतात मोठीचं. असेलही कौतुक. पण बाबांचा मला फोन येतो तो नळ गळतोय, बँकेचा कागद सापडत नाही, औषधाची चिठ्ठी संपली, यासाठी. तिला फोन लावतात आणि विचारतात, "पिल्लू, काही खाल्लंस का?" रोज. मी समोर बसलेली असले तरी.

मला याचा जळफळाट होतो. त्रेचाळीस वर्षांच्या बाईला शोभत नाही, हे मलाही कळतं. पण होतो.

दीड वर्षापूर्वी बाबांच्या किडन्या निकामी झाल्या. आठवड्यातून तीनदा डायलिसिस. आई केव्हाच गेलेली, त्यामुळे किडनी द्यायला आम्ही दोघीच. डॉक्टरांनी आमचे रिपोर्ट पुढ्यात ठेवून सांगितलं, "दोघींचंही जुळतंय. पण दोघींचंही वजन जास्त आहे. तुमच्या उंचीला पंच्याहत्तरच्या आत हवं. त्याशिवाय मी हात लावणार नाही. जी आधी खाली येईल तिची घेऊ."

माझं चौऱ्याऐंशी होतं, तिचं त्र्याऐंशी. तिथेही ती एका किलोनं पुढे.

मला ती किडनी द्यायचीच होती. बाबांचा जीव वाचावा म्हणून, हे तर आहेच. पण खरं सांगायचं तर मला ती द्यायची होती कारण तिनं दिली असती तर संपलंच होतं. आधीच डोक्यावर बसलेली, मग तर पोटातच जाऊन बसली असती. नळ, बँक आणि औषधं करून मी कधीच तिच्या जवळपास पोचले नव्हते. हे एक काम असं होतं की त्यानंतर बाबांना माझ्याकडे बघावंच लागलं असतं.

सकाळी सहा वाजता आम्ही एकाच जिममध्ये जायला लागलो. शेजारीशेजारी दोन ट्रेडमिल. आहाराच्या बाईंनी दोघींना एकच कागद दिला होता, काय खायचं, किती खायचं. माझ्या मशीनवर तासाभरात लाल अक्षरांत पाचशे साठ कॅलरी जळल्याचं दिसायचं. तिच्या मशीनवर तीनशे ऐंशीच्या वर कधी काही गेलं नाही, कारण ती रमतगमत चालायची आणि मी दोन्ही दांडे घट्ट पकडून पट्टा जोरात पळवायचे. ती आकड्यावर नॅपकिन टाकून ठेवायची. म्हणायची, "मला ते बघून टेन्शन येतं." मी हळूच नॅपकिन उचलून बघायचे आणि माझी सकाळ छान जायची.

आणि पाचशे साठ जाळल्यावर माणसाला थोडं काही खायला नको का? मशीन सांगतंय, एवढं गेलं. मग त्यातलं थोडं परत आलं तर बिघडतं कुठे? ऑफिसात कुणाचा वाढदिवस असला की मी केकचा तुकडा घ्यायचे, वर आणखी अर्धा. दुपारी बटर लावलेला ब्रेड. सगळं आकड्यात बसवून. पाचशे साठच्या वर मी एक घास जाऊ दिला नाही. शिस्तीची बाई आहे मी.

पहिल्या महिन्यात चार किलो उतरले. मग काटा एकोणऐंशी पॉइंट सहावर येऊन बसला, तो बसलाच. एक आठवडा, दोन, तीन, पाच. ती मात्र नॅपकिन टाकून, रमतगमत, सत्त्याहत्तर पॉइंट चारपर्यंत पोचली. जिममधल्या बायका तिला विचारायला लागल्या, काय करतेस गं? ती म्हणायची, "काही नाही हो, कागदावर लिहिलंय तेवढं खाते." मला त्या बायकांना ट्रेडमिलसकट उचलून बाहेर टाकावंसं वाटायचं.

माझी खात्रीच झाली की जिमचा काटा खोटा आहे. एक दिवस उघडायच्या वेळेला पेटी घेऊन गेले. ट्रेनर हसायला लागला. "मॅडम, आम्हाला पण शिक्का मारणार?" मी काटा सपाट फरशीवर घेतला, शून्य बघितलं, दहा किलोची दोन वजनं चढवली, मग एकच ठेवलं, मग चारी कोपऱ्यांवर फिरवलं. काटा शंभर ग्रॅमनंही चुकत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा एखादा काटा बरोबर निघाला म्हणून मला रडू आलं.

मग माझी नजर ट्रेडमिलकडे गेली. बावीस वर्षं मी नवीन पोरांना शिकवत आले, कुठलंही यंत्र आधी रिकामं बघायचं. आणि या मशीनचा आकडा मी दोन महिने देवाच्या शब्दासारखा मानला होता, तपासला नव्हता. का? तर तो तिच्यापेक्षा मोठा होता म्हणून. दुसरं कारण नाही.

मी माझ्या नेहमीच्या वेगाला पट्टा सुरू केला आणि दोन्ही पाय कडेच्या स्थिर पट्ट्यांवर ठेवून, हाताची घडी घालून उभी राहिले. खाली पट्टा रिकामा धावत होता. कॅलरी वाढायला लागल्या. पाच, बारा, एकतीस. दहा मिनिटांनी त्र्याण्णव. पट्ट्यावर कुणीच नव्हतं आणि मशीन म्हणत होतं, शाब्बास, त्र्याण्णव जळल्या.

"ते अंदाजे असतं हो," ट्रेनर म्हणाला. "त्याला काय कळतंय वर कोण आहे! वेग आणि वेळ बघतं, गुणाकार करून टाकतं. आणि तुम्ही तर दांड्यांवर भार टाकून चालता, म्हणजे तुमच्या त्याच्याहून निम्म्याच धरा."

"मग मला आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही खूश दिसायचात," तो म्हणाला आणि फोन वाजला म्हणून पुढच्या टेबलाकडे गेला.

तेवढ्यात धाकटी आली. आली ती बाकड्यावरच बसली. चेहरा उतरलेला.

"तायडे, काल पार्लरमध्ये चक्कर आल्यासारखं झालं गं. आणि आठवडाभर काटा पण हलत नाहीये. तू मशीन दाखवतं तेवढं वरचं खातेस ना? मी पण खाऊ का? तीनशे ऐंशीच तर होतात."

पट्टा अजून फिरत होता. आकडा एकशे चारवर होता. मला फक्त हात पुढे करून तो तिला दाखवायचा होता.

"खा," मी म्हणाले.

"नक्की ना?"

"अशक्तपणा आला तर काय उपयोग? खा."

"तू म्हणतेस म्हणजे बरोबरच असणार," ती म्हणाली. "तुझं कामच आहे ते." आणि तिनं पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढला.

पुढचे दोन आठवडे माझ्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे होते, हे लिहायला मला लाज वाटते. मी वरचं खाणं बंद केलं, दांडे सोडले. वजन सत्त्याहत्तर पॉइंट नऊवर आलं. तिचं होतं तिथून दोनशे ग्रॅम वर गेलं. ती काट्यावर उभी राहून पुन्हा पुन्हा उतरायची, चढायची. बायकांनी तिला विचारणं सोडलं. मी शेजारी गुणगुणत चालायचे.

मग एका दुपारी डायलिसिसला बाबांना घेऊन गेले. सुईआधी तिथे प्रत्येकाचं वजन करतात, अंगात किती पाणी साठलंय ते कळायला. बाबा एरवी अठ्ठावन्न किलोंचे. त्या दिवशी काटा बासष्टच्या वर गेला. पाय सुजून बुटात बसत नव्हते, आणि चार पावलं चालले तर त्यांना धाप लागली. मी सवयीनं काट्याखाली वाकून बघितलं, सपाट आहे का. सपाट होता.

डॉक्टर म्हणाले, "डायलिसिसची सुई घालतो ती त्यांच्या हाताची शीर फार दिवस साथ देणार नाही. धाकटीचं तर या महिन्यात होईल म्हणून मी तारीख बघत होतो. थांबलं कुठे?"

दोन आठवड्यांत कुठली बाई कुठे पोचली असती, हा हिशेब मला तोंडपाठ होता.

मशीन सुरू झाल्यावर बाबांनी मोकळ्या हातानं मला जवळ बोलावलं. "साहेब, कुणाला सांगू नकोस. पण तुझी मिळाली तर बरं होईल."

त्रेचाळीस वर्षं मी याच वाक्याची वाट बघत होते. "का हो बाबा?"

"पिल्लूला कापायचं म्हटलं की माझा जीव वरखाली होतो," ते म्हणाले. "मला सहन नाही व्हायचं. तुझं तसं नाही. तुझी कधी काळजीच करावी लागली नाही."

एवढं बोलून त्यांनी समाधानानं डोळे मिटले. मी त्यांच्या पायांवरची चादर सारखी केली आणि बाहेर आले.

बाहेर बाकावर धाकटी बसली होती. मांडीवर पुडा होता, त्यातलं मोजून तिसरं बिस्किट खात होती. आवडीनं नव्हे, औषध घ्यावं तशी. मला तिचा इतका राग आला, बाबांचा आला, मग माझा स्वतःचा आला, आणि मी तिच्या हातातलं बिस्किट काढून घेतलं.

"ते मशीन खोटं आहे. रिकामं चालवलं तरी कॅलरी दाखवतं. मी तपासलंय."

"कधी?"

"तू मला विचारलंस ना, खाऊ का म्हणून? त्याच्या पाच मिनिटं आधी."

तिनं माझ्याकडे बघितलं. ओरडली असती, थोबाडीत मारली असती, तर मला बरं वाटलं असतं. तिनं पुड्याचं तोंड नीट दुमडलं.

"बाबांना सांगितलंस?"

"नाही."

"नको सांगूस," ती म्हणाली. "तुझ्याबद्दल त्यांना वाईट वाटेल."

म्हणजे चांगुलपणातही तीच पुढे! तिथे, त्या बाकावर, माझ्याच अपराधाच्या मधोमध, मला तिच्या चांगुलपणाचा हेवा वाटला.

त्यानंतर दोघींनी मशीनवर नॅपकिन टाकले. चार आठवडे एकमेकींशी फारसं बोललो नाही, पण कागदाबाहेरचा एक घास खाल्ला नाही. एका सोमवारी ती चौऱ्याहत्तर पॉइंट सहा भरली आणि मी चौऱ्याहत्तर पॉइंट आठ. डॉक्टर म्हणाले, आता दोघीही चालतील, ठरवा. बाबांनी क्षणाचाही विलंब न लावता सांगितलं, "साहेबांची घ्या."

धाकटीचा चेहरा पडला. गाडीचं दार उघडताना म्हणाली, "मी दोनशे ग्रॅमनं कमी होते. मग तुझीच का?" तिचा आवाज फाटला होता आणि डोळ्यांत जे होतं ते मी चांगलं ओळखते. मी ते चाळीस वर्षं आरशात बघत आलेय.

खरं कारण मला माहीत होतं. सांगितलं असतं तर ती तिथल्या तिथे हसली असती. मी सांगितलं नाही. "बाबांनाच विचार," म्हणाले आणि गाडी सुरू केली. मोठी बहीण म्हणून माझ्या वाट्याला आलेला तेवढा एक दिवस मी सोडायला तयार नव्हते.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुशीवरही वळू शकत नव्हते. तोंडाला कोरड पडली होती आणि पाणीसुद्धा चमच्यानं मिळत होतं. नर्स हसत आत आली, माझी नळी बघितली, उशी सारखी केली.

"तुमच्या वडिलांची लघवी सुरू झाली. भरपूर! तुमच्या किडनीनं टेबलावरच काम सुरू केलं म्हणत होते डॉक्टर." मग ती जवळ वाकली. "आणि शुद्धीवर आल्या आल्या पहिलं काय विचारलं माहितीय? 'पिल्लूनं काही खाल्लं का?' सारखं तेच विचारतायत. एवढ्या दुखण्यात पण तुमची काळजी. पिल्लू म्हणजे तुम्हीच ना?"

काचेच्या दरवाजाबाहेर धाकटी उभी होती, कालच्याच कपड्यांत, माझ्याकडे बघत. तिला आतलं ऐकू येत नव्हतं. माझी कूस आगीसारखी जळत होती.

"हो," मी म्हणाले. "मीच. त्यांना सांगा, खाल्लं म्हणावं."