मुंडक्यासकट

तळहातावर एवढीशी मासोळी — बोटाच्या पेराएवढी, वाळून कागदासारखी झालेली आणि तरी डोळा शाबूत. मेल्यावरही बघत राहण्याचा हा कोरडा हट्ट इंदूला आज सोसवेना. समोर मंगला अंगणात बसून एकेका मासोळीचं मुंडकं नखानं खुडून कोंबड्यांपुढे टाकत होती, शेंगा सोलाव्यात तशा सवयीनं. मागोमाग मधला काटा... आणि मग जे काही उरे, बोटाला चिकटेल एवढं, ते छायाच्या ताटलीत.

छाया दाराला टेकून बसली होती. मंगलाची लेक, अडीच वर्षांची, पण मांडीवर घेतलं तर पिळलेल्या धुण्यासारखी लुळी वाटे.

गेलं वर्षभर इंदू तिगावच्या अंगणवाडीत एकच गोष्ट सांगत आली होती — सुपरवायझर बाई म्हणून, वरून आलेला हिंदी तक्ता भिंतीला टेकवून, ज्यावरची ‘छोटी मछली’ चित्रकारानं बैलाएवढी काढली होती. वाळली मासोळी अख्खी भाजायची, कुटायची, वरणात चमचाभर घालायची. बळ आहे ते काट्यात, मुंडक्यात. बाया माना डोलावत. आणि आता दिसत होतं की तिगावात कुपोषणावर कुणी मात केलीच असेल, तर ती या कोंबड्यांनी. काय एकेकीचा तुरा...

“मुंडक्यासकट सांगितलं होतं न मी, मंगला.”

“सांगतलं होतं जी. पन तुमीच म्हनलं, साफ करून द्या.”

म्हटलं होतं. साफ म्हणजे रेती निवडून. पण तक्त्यावर स्वच्छता आहाराच्या वर छापलेली, म्हणून तोंडातून तीच आधी निघे, आणि ती अशी मुंडक्या-काट्यापर्यंत पोचेल असं इंदूला कधी वाटलं नव्हतं. गेल्या पावसाळ्यात याच गल्लीतलं एक लेकरू तिनं पांढुर्ण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. परतही तिनंच आणलं, जीपमध्ये, मांडीवर, फडक्यात... नको. छायाचं वजन या महिन्यात चढलं नाही तर तिलाही न्या, डॉक्टर म्हणाले होते. ‘न्या’ म्हणणं किती सोपं.

चूल पेटव, मी दाखवते, इंदू म्हणाली. तवा तापला. मूठभर मासोळ्या अख्ख्या पडल्या, तडतडल्या, आणि तो वास उठला — खारा, जळका, थेट कपाळात शिरणारा. सौंसरला अंबाबाई, इंदूची आई, रविवारी सुकट भाजायची तेव्हा हाच वास गल्लीच्या तोंडापर्यंत बोलवायला यायचा, आणि सगळ्या पोरी खेळ टाकून पळायच्या. हाक मारावी लागायची नाही कुणाला. भाकरीवर चिमूटभर, वर कांदा... पांढुर्ण्यात खोली घेताना घरमालकीण देवकाबाईंनी गळ्यातली तुळशीची माळ चाचपत एवढंच विचारलं होतं, वास-बिस नाही न येणार? भली बाई. जात विचारली नाही. नुसता वास विचारला. नाही म्हटलं आम्ही. तेव्हापासून दिवसा गावोगाव मासोळीचे गुण गायचे आणि संध्याकाळी मेथी निवडायची. नवरा, उत्तम, महिन्यातून एकदा सौंसरला बहिणीकडे जाऊन पोटभर खाऊन येई, आणि येताना दोन पानं चघळून. कसं काय ताईकडे, एवढंच ती विचारी. बरं आहे, तो म्हणे. संसार यापेक्षा कमी सत्यावरही चालतात.

इंदूचा तव्यावरचा हात थांबला होता. मंगला तिच्याकडे बघत होती.

इंदूच्या लक्षात आलं की पदर आपल्या नाकाला आहे. केव्हा गेला? कुणी सांगितलं हाताला?

मंगलानं तवा उतरवला. वर ताटली झाकली.

“वास येते न, बाई. मले वाटलं, तुमाले चालत असन. तुमी तं आपल्यातल्याच.” मग चुलीतलं लाकूड मागे ओढत, तक्रार नसल्यासारखी म्हणाली, “म्हनूनच मुंडके टाकतो मी. त्यायलेच वास जास्त. अंगनवाडीवाली पोरीले बाजूले बसवते. तिच्या तोंडाले वास येते म्हन्ते.”

“धूर गेला गं नाकात,” इंदू म्हणाली.

मंगलानं मान डोलावली. तक्त्यासमोर डोलावतात तशीच.

आता ही उद्यापासून काही देणार नाही — मुंडकं नाही, काटा नाही, बोटभर उरतं तेही नाही. बाईच नाक दाबते म्हटल्यावर कोण देईल? इंदूनं तव्यावरची ताटली बाजूला केली, एक मासोळी उचलली आणि अख्खी तोंडात टाकली. चावली. आई येईल, गल्ली येईल, असं वाटलं होतं; नुसतं मीठ आलं, आणि मागोमाग एक उमासा, जो तिचा नव्हता, देवकाबाईंचा होता, पण उसळत होता तिच्याच पोटातून. इतकी वर्षं एकच धास्ती — साडीला, केसांना वास लागेल. तो कधी लागलाच नाही. कधी इतकी धुतली गेले मी, की लागायला काही उरलं नाही?

तिनं दुसरी मासोळी छायाच्या हातात दिली. पोरीनं ती तोंडापाशी नेली, पण खाल्ली नाही. ती इंदूचं तोंड बघत होती — हलतं का, वाकडं होतं का. इंदू चावत राहिली, सावकाश, एकेक काटा दातांखाली फोडत. गिळायचं अजून राहिलं होतं, आणि चेहरा तसाच ठेवायचा होता, पण तो कुणाचा ठेवायचा, अंबाबाईच्या पोरीचा की देवकाबाईंच्या भाडेकरणीचा, हे तिला नीटसं आठवेना.