शेंड्यांवरचा उजेड

गाथोनीचे डोळे आठवड्यातून एकदाच जायचे. रविवारी, संध्याकाळी सातच्या सुमाराला, सासरच्या, किनांगोपच्या पठारावरून नैवाशाच्या घरी गाडीनं उतरताना. सोमवारी सकाळी ते परत आलेले असायचे.

ऐकणाऱ्याला हसू यावं असंच हे दुखणं. म्हणून तिनं ते फारसं कुणाला सांगितलं नव्हतं. शेजारच्या न्जोकीला सांगून बघितलं, तर ती कपडे पिळता पिळता म्हणाली, "सासूकडून येताना दिसत नाही होय? त्यावर औषध नाही गं. मला तर जातानाच दिसेनासं होतं."

गाथोनी हसली, पण तेवढ्यापुरतीच. तिच्या बाबांचंही असंच रात्रीपासून सुरू झालं होतं. आधी संध्याकाळी गोठ्यातली बादली दिसेना, मग फाटकापर्यंतची वाट दिसेना. ती कॉलेज संपवून घरी आली तेव्हा त्यांनी तिचा पदवीचा फोटो दोन्ही हातांत धरून, मान डोलावून, "छान आलाय" म्हटलं होतं. फोटो उलटा होता. तिनं तो सरळ केला नाही. बादलीपासून फोटोपर्यंत सहा वर्षं गेली होती. तिची वांजेरी आत्ता चार वर्षांची, म्हणजे सहा वर्षांनी दहाची. दहा वर्षांच्या मुलीचा चेहरा कसा असेल, आणि तो आपल्याला दिसेल का, हा विचार ती भाजी चिरतानाही करत असे.

ती डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी थेंब घातले, अक्षरं वाचायला लावली, अंधाऱ्या खोलीत बसवून बारीक उजेड दाखवला आणि म्हणाले, "बाई, डोळे ठणठणीत आहेत." मग दोष गाडीचा असणार, म्हणून सोमवारी ऑफिस सुटल्यावर ती मेकॅनिककडे गेली. त्यानं गाडी भिंतीसमोर उभी केली, दिवे लावले, भिंतीवर खडूनं रेघ मारली. दोन्ही दिव्यांचा उजेड रेघेच्या बरोबर खाली, शाळेतल्या पोरांसारखा ओळीत. "गाडी ठीक आहे," तो हात पुसत म्हणाला. "ड्रायव्हर तपासायचा असेल तर ते आमच्याकडे होत नाही."

डोळे ठीक, दिवे ठीक. बुधवारी उशिरा ऑफिसातून परतताना रस्ता कसा लख्ख दिसे. कडेनं चालणाऱ्या बायकांच्या चपलांचे रंगसुद्धा. मग रविवारीच काय होत होतं?

नवरा, म्वाउरा, मोंबासाच्या बंदरात कामाला. तो फोनवर म्हणाला, "तू घाबरतेस म्हणून दिसत नाही."

"दिसत नाही म्हणून घाबरते."

"तेच की ते."

"तेच नाहीये ते, म्वाउरा."

शेवटी तीन रविवारांपूर्वी तिनं सासूला सांगितलं. सासूला ती वांजेरीसारखीच शोशो म्हणे, म्हणजे आजी. शोशोनं तिची हनुवटी धरली, चेहरा दाराच्या उजेडाकडे वळवला आणि बाजारात शेळीचे बघावेत तसे एकेक करून दोन्ही डोळे बघितले. कुदळ उचलली आणि शेतात गेली. त्या संध्याकाळी नेहमीच्या बटाट्यांच्या, कोबीच्या जोडीला डिकीत अर्धं पोतं गाजरं आली.

"डोळ्यांना गाजरासारखं दुसरं काही नाही. कच्ची खा, उकडून खा, पण खा."

गाथोनीनं खाल्ली. तिनं खाल्ली, वांजेरीनं खाल्ली, न्जोकीच्या चार पोरांनीही खाल्ली. पुढच्या रविवारी डोळे आणखी बिघडले. त्याच्या पुढच्या रविवारी शोशोनं ते ऐकलं आणि भरलेलं पोतं दिलं. आज दोन दिली होती. शिवाय बटाट्यांचं एक जाडजूड पोतं, सात कोबी आणि दुधाचा कॅन. डिकी बंद होईना, तेव्हा शोशो स्वतः तिच्यावर बसली. "खट्" झालं तशी उतरली आणि स्कर्ट झटकला. नको म्हणायची सोय नव्हती. किनांगोपात सासूच्या घरून रिकाम्या डिकीनं निघणं म्हणजे भांडून निघणं.

"नीट ने हां," ती खिडकीतून म्हणाली. "मागच्या सीटवर मी बसलेय."

रिवाजाप्रमाणे पहिल्या नातीला तिचंच नाव ठेवलेलं, त्यामुळे वांजेरी म्हणजे ती स्वतःच. हा विनोद ती दर रविवारी करायची. आज मात्र गाथोनीनं वळून वांजेरीचा पट्टा पुन्हा ओढून बघितला. तिनं मनाशी ठरवलं होतं. आजही रस्ता गेला, तर म्वाउरा घरी आला की किल्ली त्याच्या हातात द्यायची, पोरीला घेऊन गाडी चालवणं बंद करायचं, आणि बाबांना विचारायचं, दिवसाचंही दिसेनासं व्हायला किती दिवस लागले. तो प्रश्न तिनं इतकी वर्षं विचारलेला नव्हता.

चर्च लांबलं, मग मुकिमोचं जेवण, मग चहा, मग दुसरा चहा. निघेपर्यंत साडेसहा झाले, आणि तिथं सूर्य एकदा जायचा म्हणाला की रेंगाळत नाही. तिनं दिवे लावले. डिपर, म्हणजे खालचा उजेडच आहे ना? काट्यांच्या तबकडीवरचा निळा दिवा बंद होता. तो बंद म्हणजे डिपर. हे तिला पाठ होतं, तरी दर दोन मिनिटांनी ती बघत होती.

पहिल्या वळणानंतर समोरून दूधवाल्यांची पिकअप आली आणि तिनं दिवे मिचकावले. पुढे पोलीस आहेत, गाथोनीला वाटलं. तिनं वेग कमी केला, वांजेरीचा पट्टा तपासला, कागद कुठे आहेत ते आठवलं. पोलीस नव्हते. मग एका लॉरीनं मिचकावले. दार उघडं राहिलं की काय? ती थांबली, उतरली, चारही दारं ओढून बघितली. बंद होती. तिसऱ्यानं तर मिचकावून लांबलचक हॉर्नही दिला. आता टायर? दिवा? माणसं आपल्याला एवढं कळवळून काय सांगताहेत आणि आपल्यालाच कसं कळत नाही? तिनं पुन्हा निळा दिवा बघितला. बंद.

आणि रस्ता तर जायलाच लागला होता. गाडीच्या नाकासमोर थोडं राखाडी डांबर, त्यापुढे काही नाही. डावीकडची कड, जिथं माणसं चालतात, ती तर कुणी पुसून टाकल्यासारखी. ती डोळ्यात तेल घालून, स्टिअरिंगवर ओणवून तेवढ्या हातभर डांबराकडे बघत राहिली. भुवया दुखायला लागल्या.

"आई, आज पण झाडं जागी आहेत," मागून वांजेरी म्हणाली.

"हं."

"सगळी. पक्षी पण दिसतोय."

"वांजेरी, आईला बोलायला लावू नकोस गं."

समोरून प्रवाशांनी भरलेली एक मटाटू आली. जवळ येताच तिचा वेग मंदावला आणि ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं काढलं. "ए बाई! आंधळी आहेस का?"

मटाटू गेली. उत्तर द्यायला कुणी राहिलं नव्हतं, तरी गाथोनीचे ओठ हलले. हो म्हणायचं होतं की नाही, तिलाच कळलं नाही. डोळे भरून आले आणि उरलंसुरलं डांबरही वितळलं. तिनं मनगटानं डोळे पुसले. तेवढ्यात राखाडीच्या टोकाला काहीतरी केसाळ, जिवंत असं हललं. तिचा पाय ब्रेकवर गेला तो सगळ्या अंगासकट. मागे पोती धडकली, दुधाचा कॅन घणाणला, आणि गाडी थांबली ती एका गाढवाच्या शेपटीपासून दीड हातावर.

गाढवानं मान वळवून बघितलं. त्याच्या बाजूला लांब कोट घातलेला एक म्हातारा उभा होता. गाढव गाडीला जोडलेलं नव्हतं. दोन चाकांची रिकामी गाढवगाडी थोडी पुढे, कडेला, दांड्या टेकून उभी होती.

"झालं बघून?" म्हातारा म्हणाला.

गाथोनीनं आधी मागे हात घालून वांजेरीचा पाय चाचपला. हलत होता. मग ती उतरली. "गुका, माफ करा. लागलं नाही ना? मला दिसलं नाही. मला दिसतच नाही. माझे डोळे चाललेत." एवढं सरळ तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगितलं ते नेमकं एका परक्या आजोबाला आणि त्याच्या गाढवाला.

"डोळ्यांचं मला ठाऊक नाही," म्हातारा म्हणाला. "पण तुला झाडावर काय पाहिजे?"

"झाडावर?"

"मी मघापासून बघतोय. तू वळणावरून आलीस ती शेंडे बघत. मला वाटलं, कुणाचं काही अडकलंय वर, पतंगबितंग. रस्त्यावर कुणी उभं आहे, त्याच्यावर उजेडाचा एक थेंब नाही. ये इकडे. अशी उभी राहा."

त्यानं तिला बाहीला धरून गाडीच्या पुढे आणलं. तिनं वर बघितलं. वळणावरची सायप्रसची रांग शेंड्यांपर्यंत न्हाऊन निघाली होती. फांदी न् फांदी मोजून घ्यावी. एक पक्षी पंखात डोकं खुपसून बसला होता. आणि खाली, झाडांच्या पायाशी, जिथं रस्ता वळत होता, तिथं काळोख.

"पण डिपरच आहे," ती म्हणाली. "निळा दिवा बंद आहे. बघा हवं तर."

"असेल की. मी कुठं भांडतोय?" म्हातारा गाडीच्या मागे गेला होता. तिथून त्याचा आवाज आला, "अगं आई गं! काय भरलंयस हे? ही तर उलाळ झालीय!"

"काय झालीय?"

"उलाळ. मागे जड. माझी गाडी भरताना पोतं चाकाच्या मागे टाकलं की दांड्या अशा वर जातात, आणि हा बिचारा पोटाच्या पट्ट्यानं लटकतो." त्यानं हवेत हात उचलून गाढवाचा लटकलेला चेहरा करून दाखवला. "तुझ्या गाडीचं तेच झालंय. बूड टेकलंय, तोंड आभाळाकडे. दिवे तोंडालाच आहेत ना? मग ते बघणार कुठं?"

तिला शब्द कळत होते, पण ते एकमेकांना चिकटत नव्हते. डोळे, दिवे, गाढव. भिंतीवरची खडूची रेघ. सोमवारी डिकी रिकामी असते. बुधवारीही असते.

"उघड ते," म्हातारा म्हणाला.

बटाट्यांचं पोतं त्यानं एका हिसक्यात खांद्यावर घेतलं. गाजरांची दोन्ही त्यांनी मिळून उतरवली. गाडीनं मागून हळूच उसासा टाकला आणि बूड उचललं. गाथोनी धावत पुढे गेली. उजेड झाडांवरून उतरला होता. रस्ता होता. सगळा. वळणापर्यंत, वळणाच्या पलीकडे, डावी कड, कडेचं गवत, गवतात पडलेली कुणाची तरी एक चप्पल, निळी.

"परत ठेवा," ती म्हणाली.

"काय?"

"पोती. परत ठेवा ना, गुका. एकदाच."

म्हाताऱ्यानं तिच्याकडे बघितलं, पण ठेवली. चप्पल गेली. उतरवली. चप्पल आली. तिनं डावा डोळा झाकून बघितलं, उजवा झाकून बघितलं. "आणखी एकदा."

"पोरी, मी दिवसभर पोतीच वाहिली आहेत. आता तू ठेव आणि मी बघतो, चप्पल कुठं जाते ते."

मग ती हसली, आणि हसताना रडायला लागली. वांजेरीनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "गाढवाला भूक लागलीय का?"

लागली होती. म्हाताऱ्यानं पोत्याचं तोंड चाचपलं, तसा त्याचा हात थांबला. "ही निळ्या दोऱ्याची शिवण तर वरच्या वांजेरीबाईंची. त्यांची सून होय तू?"

"तिला सांगू नका."

"काय सांगू नको? सून झाडं बघत होती ते?"

तेवढ्यात फोन वाजला. शोशोच. "पोचलीस का?"

"रस्त्यात आहे, शोशो."

"अजून? दिसत नाहीये का?"

गाथोनीनं रस्त्याकडे बघितलं. "दिसतंय. लख्ख दिसतंय."

पलीकडून टाळी वाजली, मग देवाचे आभार, मग, "म्हटलं नव्हतं? गाजरं! दोन पोती लागली, पण आली की नाही नजर? पुढच्या रविवारी तीन देते."

"शोशो, ते गाजरांमुळे..." गाथोनी म्हणाली आणि थांबली. तीन रविवार ती बाई वाकून गाजरं उपटत होती. तिचा स्वतःचा गुडघा धड नव्हता. आणि खरं सांगायचं, तर उजेड आला तो गाजरांमुळेच, नाही का? म्हणजे गाजरं गेली म्हणून. की आधी गेला तोही गाजरांमुळेच? तिचं डोकं पुन्हा गरगरलं. "पोचले की करते फोन," ती म्हणाली. पलीकडे शोशो आनंदानं कुणाला तरी हाका मारत होती. इकडे गाढव कुडुम् कुडुम् चावत होतं.

बटाट्यांचं पोतं आणि गाजरांचं एक म्हाताऱ्याच्या गाडीत गेलं, शनिवारी तो खाली नैवाशाला येताना बटाटे पोचवेल या बोलीवर. गाजरं गाढवाची, हे दोघांनीही धरूनच घेतलं. गाजरांचं उरलेलं पोतं त्यानं पुढच्या सीटवर बसवलं आणि त्याला पट्टा लावला. "पुढे वजन असलेलं चांगलं," तो म्हणाला. "सासू बसलीय समज. बोलत नाही, एवढाच फरक."

गाथोनी निघाली. पाच मिनिटांनी समोरून लॉरी आली आणि मुकाट्यानं निघून गेली. तिच्यामागून एक मटाटू. तीही मुकाट. गाथोनीनं तरी निळा दिवा बघितला. मग डावा डोळा मिटला, लगेच उघडला. मग उजवा. दोन्हींत रस्ता होता.

उद्या बाबांना फोन करायचा, तिनं ठरवलं. मनाशी तयार केलेला प्रश्न आता विचारायचा नव्हता. मग काय विचारायचं, ते तिला सुचेना. बादलीबद्दल विचारावं, की फोटोबद्दल?

"आई," मागून झोपाळू आवाज आला, "झाडं झोपली."

"झोपू दे," गाथोनी म्हणाली, आणि कडेनं चालणाऱ्या बाईच्या चपला बघून घेतल्या. लाल होत्या.