चाकांवरच्या घराला पाहुणे

बुरुलचानं किटली टेबलावर आपटली तेव्हा केंझेबेकच्या लक्षात आलं, की या वेळी विषय बदलता येणार नाही.

त्यांचं घर बिश्केकच्या बसस्टँडपासून हाकेच्या अंतरावर. त्यामुळे नारिनकडून कुणी दात काढायला येवो, मुलीला कॉलेजात घालायला येवो की नुसतंच शहर बघायला, तो आधी यांच्याकडे चहाला यायचा आणि मग बहुधा राहायचा. लग्न झाल्यापासून बुरुलचा चहा ओतत होती. यंदा तर एक पाहुणा गेला की त्याची उशी गार व्हायच्या आत दुसरा येत होता.

"चार दिवस," ती म्हणाली. "फक्त आपण दोघं. कुठंही ने. पण त्यात मला एकाही माणसाला चहा ओतावा लागला, तर मी मॉस्कोला मेरिमकडे जाणार. वसंतापर्यंत तोंड दाखवणार नाही."

ही धमकी पोकळ नव्हती. मेरिम, त्यांची मुलगी, दर रविवारी आईला बोलवत होती. केंझेबेक कालवे खात्यात इंजिनिअर. दोन जिल्ह्यांचं पाणी त्याच्या सहीनं वाहायचं, पण अंडं उकडायला किती वेळ लागतो हे त्याला ठाऊक नव्हतं. मागे बुरुलचा आठवडाभर बहिणीकडे गेली, तर तिसऱ्याच दिवशी तो जेवणाच्या वेळेला शेजाऱ्यांच्या दारात सहज उभा राहायला लागला होता.

त्यानं शब्द दिला. हॉटेलचा उपयोग नव्हता. या देशातला हॉटेलवाला शेवटी कुणाचा तरी मावसभाऊच निघतो. तंबूत पाठ धरते. राहता राहिली घरगाडी. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी. आपलं घर आपल्याबरोबर, आणि दार आतून लावता येतं.

"आपल्या लोकांना मी गाडी देत नाही, बाइके," गाड्या भाड्यानं देणारा झामिर केंझेबेकला म्हणाला.

"का?"

"परदेशी माणूस गाडी चिखलात घालतो. ते परवडतं. आपला माणूस गाडीत माणसं घालतो. गेल्या साली एकानं नेली, परत आणली तेव्हा पलंगावर वासरू झोपलं होतं. त्याला उठवायला मन झालं नाही म्हणे."

"आमच्या गाडीत माशी शिरणार नाही."

"वाटेत एखादा पांढऱ्या दाढीचा हात करेल."

"थांबणार नाही."

"थांबाल," झामिर म्हणाला, आणि ज्याला सगळं माहीत आहे पण धंदाही करायचा आहे अशा चेहऱ्यानं त्यानं किल्ली पुढे केली.

नारिनच्या पुढे डांबर संपलं आणि घरगाडीतलं घर जागं झालं. प्रत्येक वळणाला कपाट उघडायचं आणि एकेक भांडं राजीनामा देऊन खाली यायचं. खालून दगड घासले की केंझेबेक स्वतःचीच पाठ सोलल्यासारखा कळवळायचा. एका ओढ्यात तो विजार वर करून उतरला, बर्फाच्या पाण्यात खोली मोजून निळा होऊन परत आला. बुरुलचा मात्र पाय वर घेऊन जर्दाळू खात होती.

"किती शांत आहे नाही?" ती म्हणाली. मागे पातेलं पडलं.

घाटाच्या शेवटच्या चढावर पांढऱ्या नमद्याची टोपी घातलेला एक म्हातारा पिठाच्या पोत्याशेजारी उभा होता. त्यानं हात केला.

केंझेबेकनं समोर बघत अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दाबला. इंजिन ओरडलं, पण त्या चढावर गाडीचा वेग माणसाच्या चालीएवढाच होता. म्हातारा खिडकीशेजारून चालू लागला.

"सलाम, बाळ."

"सलाम, अता."

"प्रकृती कशी आहे? घरचे? गुरंढोरं?"

"बरं आहे सगळं." केंझेबेकनं आणखी पाय दाबला. काही फरक पडला नाही.

"कुठल्या कुळातला तू? सायाक का?"

"सायाक."

"मग आपलाच की!" म्हाताऱ्यानं चालत्या गाडीचं मागचं दार उघडलं आणि आत चढला. मग मात्र केंझेबेकला थांबावंच लागलं. पोतं मागेच राहिलं होतं, आणि ते आणायला त्यालाच उतरावं लागलं.

म्हाताऱ्याचं नाव सातारकुल. त्यानं पलंग दाबून पाहिला, शेगडी पाहिली, नळ सोडून पाहिला. "घर घेतलंस!" तो भारावून म्हणाला, आणि 'भाड्यानं' हा शब्द केंझेबेकच्या ओठांवर यायच्या आत त्यानं दोन्ही तळवे वर धरले. "चाकाला काटा न लागो. चुलीतला विस्तव न विझो. या घराचं दार पाहुण्यांना कधी बंद न होवो. ओमिन."

केंझेबेकनंही तोंडावरून हात फिरवला. दुसरं काय करणार? पांढऱ्या दाढीनं दिलेला आशीर्वाद, पत्ता चुकला म्हणून परत करायचा असतो का? आणि परत करून तो जाणार कुणाकडे, झामिरकडे?

"सांग त्यांना," बुरुलचा दातांतून म्हणाली.

"आता कसं सांगू? ओमिन झालं."

सातारकुलनं पुढची बातमीही दिली. केंझेबेकनं जी ओसाड दरी हेरून ठेवली होती तिच्या वाटेवर दरड आली होती. थांबायला जागा एकच, सातारकुलचं कुरण. केंझेबेकनं तिथल्या मेंढपाळांच्या तंबूंपासून जमेल तितक्या लांब, ओढ्यापलीकडे गाडी उभी केली.

पण कुरणात नवं घर आलं की शेजाऱ्यांनी ताटं घेऊन जायचं, ही रीत अंतर विचारत नाही. चाकांना दगड लावून होईतो शेजारी घोड्यांवरून आले. कुणी ताजी रोटी आणली, कुणी साय, आणि माम्बेत नावाच्या दांडग्या माणसानं मेंढीची अख्खी तंगडी. सातारकुल आणि त्याची बायको कालबुबू पलंगावर मधोमध बसले, बाकीचे जागा मिळेल तिथं. गाडी एका अंगाला कलली. नव्या घरचा पहिला चहा प्यायल्याशिवाय कुणी हलणार नव्हतं.

बुरुलचा पुढच्या सीटवर काचेकडे तोंड करून हाताची घडी घालून बसली. किटलीनं शिट्टी दिली. सगळे तिच्या पाठीकडे बघू लागले.

"सूनबाई दमली वाटतं," कालबुबू म्हणाली.

"दमले नाही, एझे," बुरुलचा मान न वळवता म्हणाली. "रजेवर आहे."

केंझेबेकनं किटली उचलली.

"बिश्केकला हल्ली असं असतं होय?" माम्बेतनं विचारलं. "मग तिकडे दाढ्या कोण करतं?"

लोक हसले. केंझेबेक छपराखाली कमरेत वाकून प्रत्येक पियाल्यात दूध, चहाचा कडक काढा, गरम पाणी असं ओतू लागला. पाहुण्याला पियाला अर्धाच द्यायचा असतो, म्हणजे तो पुन्हापुन्हा पुढे करतो आणि यजमानाला पुन्हापुन्हा मान देता येतो. शेवटच्या माणसाला पोचेपर्यंत पहिल्याचा पियाला परत आलेला असे. जन्मभर कालवे बांधलेल्या माणसाला इतकी अडाणी पाणीवाटप योजना पाहवेना. किटली तिसऱ्यांदा भरली. कमरेतून कळ निघाली. सातारकुलचा पियाला पुन्हा समोर आला, आणि केंझेबेकनं तो काठोकाठ भरून त्याच्या हातात दिला.

भरलेल्या पियाल्याचा अर्थ रांगत्या मुलालाही कळतो. 'प्या आणि निघा.' केंझेबेकलाही ठाऊक होता. त्याच्या कमरेला नव्हता.

हसणं थांबलं. सातारकुलनं पियाल्याकडे पाहिलं.

"भरलास."

"अता, तसं नाही... म्हणजे..."

म्हाताऱ्यानं एक थेंब न सांडता सगळा चहा संपवला, दाढी पुसली, ओमिन म्हणाला आणि उठला. सगळे उठले. एकेक जण उतरला तशी गाडी सरळ होत गेली. तंगडी मात्र माम्बेत ठेवून गेला, त्यामुळे केंझेबेकला आणखीच लाज वाटली.

मग खरीखुरी शांतता पसरली. बर्फाचे डोंगर, ओढा, आणि फक्त ती दोघं.

"एवढ्या वडीलधाऱ्या माणसाला भरला पियाला?" बुरुलचा वळून म्हणाली.

"तुला ओतावा लागला का? शब्द पाळला मी."

"अरे, म्हणतील बायकोनंच शिकवलं! पाठ करून बसली होती, हाकलायला नवरा ठेवला होता!" तिनं डोक्याला रुमाल बांधला, काढ्याचं भांडं उचललं आणि ओढ्यावरच्या दगडांवरून तंबूंकडे चालू लागली.

केंझेबेक पायरीवर बसून राहिला. ती माफी मागायला जाणार, म्हणजे चहा ओतणार. म्हणजे मॉस्को. वसंत अजून किती लांब होता! शेजाऱ्यांपैकी हिवाळाभर कोण टिकेल याचा त्यानं मनाशी अंदाज घेतला. कुणीच टिकलं नसतं.

ती परतली तेव्हा शिखरांवर ऊन होतं.

"ओतलास?" त्यानं विचारलं.

"ओतला. सगळ्यांना. म्हातारा माझ्याशीसुद्धा तीन पियाले बोलला नाही."

"आणि मग?"

"मग कालबुबू एझे मला तंबूबाहेर घेऊन गेली. म्हणाली, उद्या पुन्हा येतो. पलीकडच्या कुरणातल्या बायकाही येणारेत."

"आता कशाला?"

"बघायला."

"गाडी?"

"गाडी कशाला? तुला. पुरुष चहा ओतताना त्यांच्यापैकी कुणी पाहिला नाहीये. म्हातारा म्हणाला येणार नाही. एझे म्हणाली, त्याला तर पहिला आणते."

केंझेबेकनं डोळे मिटले. "आणि मॉस्को?"

"ते उद्याच्या चहावर."

तिनं ओढ्यावरून किटलीत गार पाणी भरून आणलं, पायरीवर पियाले मांडले, आणि किटली त्याच्या हातात दिली.

"हं. ओत."

त्यानं ओतलं.

"हा पाऊण झाला. फेकून दे. परत."