अंतरा नेमकं काय म्हणाली?

अंतरा सव्वादोन वर्षांची झाली तरी बोलत नव्हती. कान तपासून झाले, चांगले निघाले. मग डोंबिवलीच्या स्पीच थेरपिस्ट ऋजुता मॅडमनी मला एक वही करायला सांगितली. नुसता आवाज म्हणजे शब्द नव्हे. तोच शब्द, त्याच अर्थाने, तीन वेगवेगळ्या वेळी आला तरच वहीत लिहायचा. "आणि तिच्या तोंडाकडे रोखून बघत 'बोल, बोल' अजिबात करायचं नाही," त्या म्हणाल्या. "अशी मुलं स्वतःला मिटून घेतात."

मी दोनशे पानी वही आणली. नवरा म्हणाला, एवढी जाड कशाला? मी म्हटलं, सुरू झाली की पुरायला नको?

सहा आठवडे वही कोरी. मग एका सोमवारी, कोपरीतल्या आमच्या बिल्डिंगची लिफ्ट चौथ्या मजल्यावर येऊन थांबली आणि कडेवरची अंतरा म्हणाली, "आल्ला!"

मी लिफ्टमध्ये शिरलेच नाही. तिथेच पायरीवर बसले.

बुधवारी गॅस सिलेंडरवाला दारात उभा राहिला. "आल्ला!" दोन झाले. तिसऱ्यासाठी मी तीन दिवस नुसती टपून होते. काही काम नसताना लिफ्ट बोलवायचे, इतकी की वॉचमनने विचारलं, "मॅडम, कोई आनेवाला है क्या?"

रविवारी दुपारी साडेचारला सोसायटीचा गणपती गेटवर आला. ढोलवाले एका फटक्यात थांबले, मूर्तीवरचा कपडा निघाला आणि त्या शांततेत अंतरा माझ्या खांद्यावरून ओरडली, "आल्ला! आल्ला!"

तीन! मी ढसाढसा रडले. घरी येऊन वहीच्या पहिल्या पानावर तारीख घालून लिहिलं: आल्ला. आमचे अण्णा, म्हणजे माझे सासरे, मराठीचे निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, "अगं विनिता, तिचं ठीक आहे. तू तरी शुद्ध लिही. आला."

"अण्णा, जसं म्हटलं तसंच लिहायचंय."

"बरं. पण आत्ताच वळण लाव. देवाला एकेरी चालतं, आजोबांना चालत नाही. मला 'आले' म्हणायला हवं."

सेक्रेटरी तानाजीकाकांनी ग्रुपवर व्हिडिओ टाकला. त्यात बाप्पा होता, शांतता होती, अंतराचा आवाज होता आणि माझं रडणं होतं. संध्याकाळपर्यंत तो आमच्या ग्रुपमधून कुठे कुठे गेला देव जाणे. बऱ्याच लोकांना त्यात 'अल्ला' ऐकू आलं.

सोमवारी सकाळी 'खाडीकाठ २४' या चॅनेलवर अंतराच्या तोंडाभोवती लाल गोल फिरत होता. खाली पट्टी: बाप्पासमोर चिमुकली नेमकं काय म्हणाली? आईला अश्रू का अनावर? मग आवाज संथ करून ऐकवला. संथ केल्यावर तर माझं हुंदके देणंही एखाद्या स्तोत्रासारखं वाटत होतं. स्टुडिओत एक ध्वनितज्ज्ञ बसवले होते. त्यांना मी ओळखलं. आमच्या हळदीला डीजे त्यांचाच होता.

दहा वाजता त्यांचा रिपोर्टर आला. साईनाथ नाव. बारीक, सभ्य मुलगा. बूट बाहेर काढले, अण्णांच्या पाया पडला. मी त्याला लिफ्टपासून सिलेंडरपर्यंत सगळं सांगितलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"ताई, आईशप्पथ सांगतो, मलापण 'आला'च ऐकू आलेलं."

"मग तेच दाखवा ना!"

"पण 'आला'मध्ये न्यूज काय?" तो खरंच काकुळतीला आला होता. "तुमचं म्हणणं घेतो ना मी. शेवटी घेतो. 'कुटुंबीयांचा दावा' म्हणून."

अण्णा पुढे सरसावले. "लिहून घ्या. आला. ये धातू, भूतकाळ, तृतीय पुरुष, पुल्लिंग, एकवचन."

"धातू?" साईनाथने माईक जवळ नेला. "सर, मूर्ती तर शाडूची आहे ना?"

"मूर्तीचा इथे काय संबंध? मी मूळ धातूबद्दल बोलतोय."

अकरा वाजता पट्टी फिरली: मूर्ती मुळात धातूची, आजोबांचा दावा. सव्वाअकराला तानाजीकाका धापा टाकत वर. "अण्णा, काय बोललात हे! सी विंगवाले विचारतायत, विसर्जनाला विरघळणार कशी?"

मला हसू यायला हवं होतं. पण मी अंतराकडे बघत होते. रविवारपासून तिने एक आवाज काढला नव्हता. खाली गेलं की कोणीतरी गाल ओढून म्हणायचं, "बोल गं, ते बोल ना परत!" सकाळी लिफ्ट आली तेव्हा तिने माझ्या मानेत तोंड खुपसलं. शुक्रवारी डोंबिवलीची अपॉइंटमेंट होती. मॅडमना काय सांगू? होता एक शब्द, लोकांनी नेला?

मंगळवारी दुपारी दोन शिष्टमंडळं आली. दोन्ही एकाच लिफ्टने. वजन जास्त झालं म्हणून लिफ्ट खाली दहा मिनिटं कोकलत होती. आधी कोणी उतरायचं यावर एकमत होईना. शेवटी कशीबशी वर आली आणि संस्कार जागृती मंच आणि सलोखा समिती आमच्या एकाच सोफ्यावर दाटीवाटीने बसले. मागून साईनाथ, लाईव्ह.

मंचाच्या मालनताई म्हणाल्या, "आम्ही रागवायला नाही आलो हं. लेकरू आहे. फक्त हा पेनड्राइव्ह रोज सकाळी लावा. आठवड्यात फरक पडतो."

समितीचे सीताराम सर गहिवरले होते. "या वयात ही समज! आम्ही बाळाला सलोखाकन्या जाहीर करतोय." त्यांनी शाल काढली. मोठ्या माणसाची शाल. अंतरा तीत पूर्ण दिसेनाशी झाली आणि बाहेर निघाली ती थेट टेबलाखाली.

"अहो, ती 'आला' म्हणाली," मी म्हटलं. "लिफ्ट आली तरी तेच म्हणते."

"लिफ्टमध्येसुद्धा!" सीताराम सरांनी हात जोडले. "चराचरात तोच दिसतो तिला."

"लिफ्टमध्ये?" मालनताई एकदम सावध झाल्या. "लिफ्टमध्ये कोण शिकवतं?"

"कोणी नाही शिकवत! ती बोलतच नाही हो. हा तिचा पहिला शब्द आहे."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग मालनताईंनी माझा डावा हात धरला, सरांनी उजवा. "ताई," दोघं हळूच म्हणाले, "तुमच्यावर दबाव आहे का?"

त्या दोन दिवसांत त्यांचं एवढ्या एकाच गोष्टीवर जमलं असेल.

तेवढ्यात साईनाथ ओरडला, "ही बघा, ही बघा वही!" कॅमेरा वहीवर. "दोनशे पानी वही, आणि आत फक्त एकच शब्द!"

"अशुद्ध लिहिलाय," अण्णा खिन्नपणे म्हणाले. "मी सांगितलं होतं."

मग सगळेच टेबलाभोवती उकिडवे बसले. निळा माईक अंतराच्या ओठांपाशी. सात चेहरे. "बोल बाळा. बोल. बोल ना."

तिने ओठ आत घेतले. दातांखाली धरले. माझ्या डोळ्यांसमोर ती पुढची सगळी कोरी पानं उलटत गेली.

आता यांना घालवायचं कसं? खरं सांगून कोणी जात नव्हतं. मी उभी राहिले.

"मी जाहीर खुलासा करणार आहे," मी म्हटलं. "आई म्हणून. सगळं सांगणार. पाच वाजता, खाली गेटवरच्या मांडवात. मूर्तीसमोर."

साईनाथचे डोळे चमकले. "आता सांगू नका ताई, काही सांगू नका!" त्याने ट्रायपॉड उचलला, एकाच पायात बूट घातला, दुसरा हातात घेऊन जिन्याने पळाला. दार धाडकन लागलं.

टेबलाखालून बारीक आवाज आला. "गेल्ला."

मी तिच्याकडे बघितलं नाही. रोखून बघायचं नाही. मी सोफ्याकडे बघत म्हटलं, "गेटवर पुढची जागा लगेच भरेल हं."

मंच उठला. समिती उठली. दारातून आधी कोण, यावर पुन्हा अडलं, आणि मग सगळेच एकदम बाहेर सांडले. पेनड्राइव्ह राहिला, शाल राहिली.

"गेल्ला!" आता जरा मोठ्याने.

दोन. घरात आता एकच माणूस उरला होता, चष्मा पुसत बसलेला.

"अण्णा," मी म्हटलं, "जरा बाहेर जाता?"

"मी? अगं, माझं घर आहे हे."

"अण्णा, दोन झालेत."

एवढी वर्षं मुलांच्या वह्या तपासलेला माणूस. त्यांनी टेबलाखाली नाही बघितलं, वहीकडे बघितलं. टोपी घातली, चपला घातल्या, अगदी गावाला निघाल्यासारखं "येतो बरं का" म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

पंखा फिरत होता. खालून माईक टेस्टिंगचा आवाज येत होता. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर नजर ठेवून उभी होते, भाद्रपद, भाद्रपद, भाद्रपद.

"गेल्ला," अंतरा टेबलाखालून बाहेर येत म्हणाली, कोणाला तरी समजावून सांगावं तसं.

मी वही ओढली. तारीख घातली. खाली पाच वाजून गेले असावेत, तानाजीकाका माझं नाव पुकारत होते. मला तेव्हा वेळ नव्हता. मी दुसरा शब्द लिहीत होते, जसा म्हटला तसा.

दारावर टकटक झाली. "विनिता, येऊ का गं आत?"

मी कडी काढली. अण्णा उंबऱ्यात, टोपी हातात. अंतराने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं आणि अख्ख्या मजल्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "आल्ला!"

अण्णांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, पुन्हा घातला.

"एकेरी," ते म्हणाले. "चालेल."