फूटपाथवरची खुर्ची

जिन्यात चिकटवलेली चिठ्ठी

माझी खुर्ची कोणी उचलली? मी फक्त चष्मा आणायला वर गेले होते.
— हेनिग, तिसरा मजला

तिच्याखाली, वेगळ्या अक्षरात

ओल्या छत्र्या जिन्यात ठेवू नयेत.

वाचणारी

चिठ्ठी वाचताना योरिंडेच्या बोटांना पिवळा रंग होता. ओलाच.

आता जर्मनीतल्या लाइपझिगमध्ये फूटपाथवर एकटी उभी असलेली खुर्ची ‘न्या मला’ असंच म्हणत असते. योरिंडेची अख्खी खोली अशीच भरली होती. दिवा, कपाट, तवासुद्धा. नवं काही विकत घेणं तिच्या जिवावर यायचं. ही खुर्ची डुगडुगत होती, म्हणून तिने पाय कापून सारखे केले, घासले आणि तळघरात कोणाचा तरी उरलेला पिवळा रंग फासला.

तिच्याच घरात राहणारा टीलो हसून हसून आडवा झाला.

“वा! म्हातारीची खुर्ची पळवली, पाय कापले, वर रंगही फासला. पृथ्वी वाचली बघ!”

“गप रे! शनिवारचं काय होणार आता?”

शनिवारचं

शनिवारी मागच्या अंगणात तिला दुरुस्तीचा मेळा भरवायचा होता. बिघडलेला टोस्टर असो की फाटकी पँट, फेकायची नाही. आणायची आणि तिथेच नीट करून न्यायची. इमारतीतल्या इतर सगळ्या घरांनी अंगण वापरायला होकार दिला होता. एकाच घराचा बाकी होता.

तिसरा मजला.

बेत

खुर्ची होती तिथे ठेवायची. पळायचं.

बेताचं काय झालं

ठेवली. दाराआड लपली. तेवढ्यात एक दाढीवाला पोरगा सायकलवरून उतरला, खुर्चीभोवती फिरला, खूश झाला आणि ती कॅरियरला बांधू लागला.

“ए! ठेव ती खाली!”

“का? फूटपाथवर तर आहे.”

“म्हणून काय झालं? कोणाची तरी असेल ना! विचारावं माणसाने!”

“तुझी आहे?”

“नाही.”

“मग?”

योरिंडेने खुर्ची ओढून घेतली आणि तिच्यावर फतकल मारली.

“आता ने.”

“काय एकेक नग असतात!” म्हणत पोरगा पिवळे झालेले हात पँटला पुसत निघून गेला. रंग वाळलेला नाही, हे योरिंडेच्या तेव्हा ध्यानात आलं. आणि दारात तिसऱ्या मजल्यावरच्या फ्राउ हेनिग उभ्या आहेत, हेही.

“ऊठ.”

चर्र आवाज करत ती उठली.

“वळ बघू.”

ती वळली. पँटवर मागे तीन पिवळे पट्टे होते.

“वा. चोर शोधायला लांब जायला नको.”

“मला वाटलं टाकलेली आहे. खरंच. माफ करा.”

फ्राउ हेनिगनी खुर्चीची पाठ धरून दाबली. डावीकडे. उजवीकडे. पुन्हा डावीकडे.

“डुगडुगत नाही.”

“नाही.”

“हं. शनिवारी अंगण घे.”

योरिंडे त्यांना मिठीच मारणार होती. त्या दोन पावलं मागे सरल्या.

“रंग लागेल. आणि ऐक, वर आणखी पाच आहेत, सगळ्या डुगडुगतात. शनिवारी आधी त्या. हा भयंकर पिवळा मात्र नको.”

“चालेल! आजच नेते.”

“ने. पण फूटपाथवर वाळत घालू नकोस. हल्लीची पोरं काहीही उचलतात.”